वरून भरलेली बाटली

सिस्टरच्या नाकाला घरातले सगळे वचकून असायचे. फ्रीजमधलं दूध उद्या नासणार हे त्यांना आज कळायचं. ओला टॉवेल कुणी तसाच घडी घालून कपाटात कोंबला, की दोन खोल्या पलीकडून त्या विचारायच्या, "कुणी ठेवलं ते कुजायला?" मुलगा म्हणायचा, "आई, तुझं नाक पोलिसात द्यायला हवं होतं. बाकीची तू घरी राहिली असतीस तरी चाललं असतं."

चौतीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलात काढली होती, त्यातली शेवटची एकवीस ऑपरेशन थिएटरमध्ये. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी रस्त्यावरचे लोक त्यांना सिस्टरच म्हणत. नखं मुळापर्यंत कापलेली, बोटांची कातडी धुऊन धुऊन कागदासारखी झालेली. हात धुवायचे म्हणजे आधी तळवे, मग पालथे हात, मग बेचक्या, मग अंगठे, मग नखांची टोकं तळव्यावर घासायची आणि शेवटी मनगटं. आठ वर्षांच्या नातीकडून त्यांनी हा सगळा क्रम पाठ करून घेतला होता. नात एका जागी उभी राहील तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. पण हात धुताना तीसुद्धा थांबायची आणि एकेक पायरी मोठ्याने म्हणायची. अंगठा तेवढा हमखास विसरायची.

"आणि घरातला थोरला?" सिस्टर विचारायच्या.

"राहिला," म्हणत भिंगरी अंगठा मुठीत धरून पिळायची.

अशा बाईच्या घरात ते यंत्र आलं.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठल्याशा ऑफिसात काम करताना त्याला तिथल्या बेसिनवर साबणाचं यंत्र दिसलं आणि ते त्याच्या मनात भरलं. खाली हात धरायचा, यंत्र घरघर करणार आणि तळव्यावर फेसाचा गोळा टाकणार. बटण नाही, काही नाही. महिन्याभरात त्याने तसंच एक घरी आणलं आणि स्वयंपाकघरातल्या बेसिनवर भिंतीला ठोकलं. सगळ्यांना गोळा करून त्याने पहिला मान आईला दिला.

सिस्टरनी हात खाली धरला. यंत्र घरघरलं.

"थुंकतंय हे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हातावर थुंकतंय. आवाज ऐक ना. आधी खाकरतं, मग थुंकतं."

पदर नव्हता म्हणून सुनेने तोंडावर ओढणी धरली. "आई, आता मला रोज तेच दिसणार."

भिंगरीला मात्र यंत्र इतकं आवडलं, की ती कारण नसताना हात धुवायला लागली. त्या एका गोष्टीसाठी सिस्टरनी यंत्राला माफ केलं.

यंत्राबरोबर आलेली साबणाची बाटली तीन आठवड्यांत संपली. ती उघडून भरायची सोय नव्हती. संपली की कंपनीची नवी घ्यायची. झाकण असं बसवलेलं, की पक्कड मोडेल पण ते हलायचं नाही. वीस मजली इमारतीच्या बंद पडलेल्या लिफ्टी उघडणाऱ्या माणसाला एक प्लॅस्टिकची बाटली नाही म्हणते, हे मुलाला सोसेना. एका रविवारी तो चटईवर ती बाटली घेऊन बसला. बाटली यंत्रात उलटी बसते, म्हणजे तोंड खाली आणि बूड वर. मग झाकणाच्या नादी लागायचंच कशाला? त्याने बुडालाच ड्रिलने भोक पाडलं आणि लिफ्टच्या सामानातलं एक रबरी बूच त्यात दाबून बसवलं. बूच काढायचं, नरसाळं लावायचं, वरून भरायचं. भांडी घासायचं लिक्विड एक भाग आणि पाणी तीन भाग. घट्ट राहिलं तर यंत्राच्या जाळीत अडकतं, असं तो म्हणाला. चालू करून बघितलं तर पहिल्यासारखाच फेस.

त्याला जग जिंकल्यासारखं झालं. समोरच्या शिंप्यालाही बोलावून त्याने ते बूच दाखवलं. "आयुष्यभर आता बाटली घ्यायला नको," तो सांगायचा.

"हा साबण आहे की साबणाची आठवण?" सिस्टर हातावरचा फेस चोळत म्हणायच्या. पण नाक मुरडून झालं, की हात त्याखालीच धरायच्या. यंत्राला हात लावावा लागत नाही, हे त्यांना आतून पटलेलं होतं. थिएटरमध्येसुद्धा नळ कोपराने उघडायचे.

बुचामुळे भरणं फार सोपं झालं, आणि घोळ तिथूनच सुरू झाला. बाटली पांढरी, आतलं काही दिसायचं नाही. यंत्र कोरडं खाकरायला लागलं, की त्या वेळी जो बेसिनपाशी असेल तो बूच काढायचा. सिस्टरही त्यातल्याच. तळाशी राहिलेला साबण वाया घालवणं त्यांच्या जिवावर यायचं. बेसिनखाली झाकणाची एक निळी बादली असायची. पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमधून जे टाकाऊ पाणी निघतं, ते तिच्यात साठायचं आणि फरशी पुसायला वापरलं जायचं. त्यातलं पेलाभर पाणी सिस्टर बुचातून आत सोडायच्या, बाटली दोनदा हलवायच्या आणि परत बसवायच्या. दुधाची पिशवी विसळून घ्यावी तशातलंच हे. कुणाला सांगावं असं त्यात काही नव्हतं, आणि त्यांच्या स्वतःच्याही ते लक्षात राहायचं नाही.

असं वर्ष गेलं. मग भिंगरीचं बोट कपाटाच्या दारात सापडलं.

उजव्या हाताची तर्जनी. नख अर्ध्यात उललं, कडेची कातडी फाटली. रस्त्याच्या टोकाला दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरांनी जखम साफ केली, पट्टी बांधली आणि सिस्टरकडे बघून म्हणाले, "रोज ड्रेसिंग बदलायचं. तुम्ही घरात असताना पोरीला इथे रांगेत कशाला बसवायचं?"

परत येताना सिस्टरची चाल बदलली होती. सात वर्षांनी कुणीतरी त्यांच्या हातांना काम दिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलाचं थिएटर झालं. पांढऱ्या इनॅमलच्या ताटलीत उकळलेली कात्री, उकळलेला चिमटा, गॉजच्या घड्या. सिस्टर बेसिनपाशी जायच्या, यंत्राखाली हात धरायच्या, संपूर्ण क्रमाने हात धुवायच्या आणि पुन्हा एकदा धुवायच्या. मग हात वर धरून, कशालाही न शिवता टेबलापाशी यायच्या. खुर्चीसुद्धा पायाने ओढायच्या. भिंगरी डोळे मिटून बोट पुढे करायची.

"दुखणार आहे का?"

"थोडं. खोटं कशाला बोलू? पण मी पटकन करते."

चौथ्या दिवशी नखाची कड सुजली. सिस्टर म्हणाल्या, होतं असं. सहाव्या दिवशी सून टेबलापाशी उभी होती. ती चष्म्याच्या दुकानात दिवसभर भिंगं तपासायची. काचेवरचा केसाएवढा ओरखडा तिच्या नजरेतून सुटायचा नाही. तिने वाकून बघितलं.

"आई, हे हिरवट नाही का दिसत?"

"मलमाचा रंग आहे."

"मलम पांढरं आहे."

"पांढऱ्यावर पिवळं आलं की हिरवट दिसतं. मी काय आज पहिल्यांदा जखम बघतेय?"

सुनेने गॉजचं पाकीट उचलून ठेवलं. थोड्या वेळाने, भिंगरी आत गेल्यावर, हळूच म्हणाली, "दोन-चार दिवस दवाखान्यात नेऊन बघू का ड्रेसिंगला?"

"तिथला ड्रेसिंग करणारा पँटला हात पुसतो. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. न्यायचंय?"

सून कात्री-चिमटा उकळायला घेऊन गेली.

आठव्या दिवशी बोट बटाट्यासारखं झालं आणि भिंगरीला कणकण आली. डॉक्टरांनी पट्टी सोडून कडेला दाबलं. भिंगरी ओरडली नाही, तिचे खांदे नुसते हलत राहिले. ते सिस्टरना ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"दोन दिवस बघू," डॉक्टर म्हणाले. "उतरलं नाही तर नख काढावं लागेल. आणि खाली हाडाला लागलं असेल तर पेराचं काय करायचं ते मोठ्या हॉस्पिटलात ठरवावं लागेल." वाक्य त्यांनी कागदावर बघून पुरं केलं. मग सगळ्यांना विचारतात तसंच विचारलं, "ड्रेसिंगच्या आधी हात नीट धुता ना?"

सून जमिनीकडे बघायला लागली. सिस्टरचे कान तापले.

"धुते," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी दोनाच्या जागी सहा वेळा हात धुतले. यंत्र सहा वेळा खाकरलं आणि सहा वेळा थुंकलं. नखांची टोकं तळव्यावर अशी घासली की तळवे लाल झाले.

सकाळी मुलगा कामावर गेला, सून दुकानात गेली. सिस्टरनी भिंगरीला टेबलापाशी बसवलं आणि कालची पट्टी उलगडली. शेवटचा पदर सुटला तसा वास आला.

गोड वास. पिकून लिबलिबीत झालेल्या द्राक्षांसारखा, आणि त्याच्या तळाशी ओल्या भिंतीसारखं काहीतरी. गॉजवर हिरवा डाग होता, आणि आता त्याला मलम म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही.

तो वास त्यांच्या ओळखीचा होता. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत त्या जळीत वॉर्डात होत्या. कधी कधी दारातूनच हा गोडसर भपका यायचा आणि थोरल्या सिस्टरचा चेहरा उतरायचा. ती म्हणायची, पेशंटकडे नंतर बघा, आधी बादल्या बघा, नळ बघा, साबणाच्या वाट्या बघा. हा डोळ्यांना न दिसणारा किडा ओलाव्यात राहतो. साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि साबण पातळ केलेला असेल तर त्यातसुद्धा मजेत संसार मांडतो.

सिस्टरनी भिंगरीच्या बोटावर नवा गॉज नुसता ठेवला आणि तिला डाव्या हाताने चित्र काढायला बसवलं. मग नाक पुढे करून घर हुंगत सुटल्या. कात्री, चिमटा, गॉजचं पाकीट, मलमाची ट्यूब, उशीचा अभ्रा. कशालाच वास नव्हता. शेवटी त्या बेसिनपाशी आल्या. सवयीने यंत्राखाली हात धरला, धुतले, आणि पुसायच्या ऐवजी तसेच वाळू दिले. ओले असताना लिंबाचा वास येत होता. वाळल्यावर लिंबू उडून गेलं. खाली द्राक्षं राहिली.

त्यांनी बाटली काढली आणि बूच ओढलं.

बूच एकटं आलं नाही. त्याच्याबरोबर वीतभर लांबीची लोंबती, चिकट शेपटी आली, अंड्याच्या पांढऱ्यासारखी, पण राखाडी. ती तुटेना. बूच वर नेलं तशी लांबत गेली आणि मग पुचकन सिस्टरच्या मनगटावर बसली. त्यांनी बाटली इनॅमलच्या ताटलीत उपडी केली. आधी पाणी आलं, नुसतं पाणी, नावापुरता साबण असलेलं. मग गोळे यायला लागले. शेंबडासारखे, एकमेकांना धरून असलेले, एक दुसऱ्याला ओढून आणणारा. काही हिरवट, काहींत गुलाबी रेषा. त्यांनी स्वयंपाकाच्या कात्रीने बाटली उभी चिरली. आतली भिंत पांढरी नव्हतीच. तिच्यावर तपकिरी लेप होता, शेवाळलेल्या हौदासारखा, आणि बोट लावल्यावर तो कातडीसारखा सरकला.

सिस्टरनी आयुष्यात काय काय बघितलं होतं. फुटलेली आतडी, कुजलेले पाय, किडे पडलेल्या जखमा. कधी हात थांबला नव्हता. आज त्या बेसिनवर वाकल्या आणि सकाळचा चहा बाहेर आला. हे दुसऱ्याच्या अंगातलं नव्हतं. हे त्यांनी रोज दोन्ही हातांना, बेचक्यांत, नखांखाली, शिस्तीने चोळलं होतं, आणि मग हात वर धरून, कशालाही शिवू न देता, जपून त्या पोरीच्या जखमेपर्यंत नेलं होतं.

हात धुवायला हवे होते. चौतीस वर्षांची सवय. डोकं काही म्हणायच्या आत हात यंत्राखाली गेला. बाटली नसलेलं यंत्र खाकरलं, आणि नळीत उरलेला शेवटचा गोळा त्यांच्या तळव्यावर थुंकलं.

भिंगरी दारात उभी होती.

"आजी, ताटलीत काय आहे ते?"

"आपण ज्याने हात धुतो ना, ते."

भिंगरीने जवळ येऊन बघितलं. नाक दाबलं.

"मग ते हात आपण कशाने धुवायचे?"

सिस्टरनी बाथरूममधली अंगाच्या साबणाची वडी घेतली आणि नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले. भिंगरीचेही धुतले, दुखरं बोट वर धरून. उकळून गार केलेल्या पाण्याने जखम साफ केली. ताटलीवर झाकण ठेवलं आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं.

"संध्याकाळी सहाला घेऊन या. ते बाटलीतलंही थोडं आणा, दोन्ही तपासायला पाठवू. आणि त्यात काय काय गेलंय ते घरात सगळ्यांना विचारून ठेवा. खरं खरं."

पाच वाजता सून आली, पाठोपाठ मुलगा आला. त्याने बूट काढायच्या आत सिस्टरनी त्याला टेबलापाशी बोलावलं आणि झाकण उचललं.

मुलगा एक पाऊल मागे सरला. "ई. काय आहे हे?"

"तुझी आयुष्यभराची बाटली."

सून नाकावर हात धरून वाकली, तिला आपली नजर आवरेना. मग ती सरळ झाली आणि भिंगरीच्या बोटाकडे बघत राहिली. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"काय घातलंस यात?" सिस्टरनी मुलाला विचारलं.

"एकाला तीन. मापाने. नरसाळंसुद्धा वेगळं ठेवलंय."

"आणि बाटली कधी धुतलीस?"

"साबणाची बाटली कशाला धुवायची? आत साबणच तर आहे."

"मग गटारही धुवायला नको. आत पाणीच तर आहे."

मुलगा खुर्चीत बसला. "पण आई, मी शेवटचं लिक्विड भरलं त्याला दोन महिने झाले. एवढ्यात दोनदा संपायला हवं होतं. मी तर लोकांना सांगत होतो, आमच्याकडे साबण संपतच नाही म्हणून."

"मी घालायचे पाणी," सून म्हणाली. "ते वाजायला लागलं की. नळाचं, कपभर."

"किती वेळा?"

"आठवड्यातून एकदा. एखाद्या आठवड्यात नाही."

"मी पण घातलं," भिंगरी टेबलाखालून म्हणाली. "रंगाचे ब्रश धुतलेलं. फेस गुलाबी यावा म्हणून. पण दोनदाच. आणि आला नाही."

एरवी या वाक्यावर घर हसलं असतं. मुलगा त्या गुलाबी रेषांकडे बघत होता. बघता बघता त्याने आपला दोष सरकवायला जागा शोधली, माणसं शोधतात तशी.

"म्हणजे तुझ्या त्या कपानेच झालं," तो बायकोला म्हणाला. "मी माप लावून देतोय आणि तू दर आठवड्याला त्यात नळ सोडतेस. मला एकदा विचारायचंस तरी."

आठवड्याच्या एका कपाने एवढं होणार नाही, हे सुनेला कळत होतं. पण समोर मुलीचं सुजलेलं बोट होतं, आणि भांडायला तिच्यात बळ नव्हतं.

"असेल," ती म्हणाली. "माझ्यामुळेच असेल."

सिस्टर पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. 'असेल' हा शब्द ऐकला आणि त्यांची नजर बेसिनखाली गेली. निळी बादली. नुसतं दिसलं म्हणून त्यांना आठवलं. सकाळपासून साऱ्या घरात त्यांचं नाक फिरलं होतं, पण तिच्यावरून ते तसंच पुढे गेलं होतं, कारण ती त्यांची बादली होती. पेलाभर पाणी. दोनदा हलवायचं. किती वेळा? यंत्र खाकरलं की प्रत्येक वेळी.

कुणी बघितलं नव्हतं. सून तर कबूलही झाली होती. डॉक्टरांना सांगायला नळाचं पाणी पुरेसं होतं. सिस्टर मनाशी एवढं सगळं मांडेपर्यंत पळभर गेला असेल. त्या एका पळाची त्यांना पुढे कित्येक दिवस किळस येत राहिली, ताटलीतल्या गोळ्यांपेक्षा जास्त.

त्या उठल्या, वाकल्या, आणि बादली बाहेर ओढून तिचं झाकण काढलं.

भपका मुलालासुद्धा कळला. सिस्टरनी बादलीच्या आतल्या अंगावरून बोट फिरवलं. निळा रंग कुठेच नव्हता; हिरव्या बुळबुळीवर बोटाची वाट उमटली.

"ही कधी घासली होती?" त्या म्हणाल्या. बादली कधी रिकामीच व्हायची नाही. फरशीपुरतं काढायचं, वरून नवं साठायचं. "मी यातलं घालत होते. तळाचा साबण वाया जाऊ नये म्हणून. हिच्या एका कपामागे माझे चार पेले असतील."

"आई, तू?" मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता विश्वास बसत नव्हता. "आल्यापासून तू आम्हाला…"

"हो. आणि तिला 'असेल' म्हणायला लावलंस ते परत घे. आधी ते घे, मग मला काय बोलायचं ते बोल."

मुलगा बायकोकडे वळला आणि खाली बघून काहीतरी पुटपुटला. ते धड ऐकू आलं नाही, पण सुनेने मान हलवली. मग तिने घड्याळाकडे बघितलं.

"चला, पावणेसहा झाले," ती म्हणाली. तिने एका स्वच्छ बाटलीत ताटलीतलं थोडं घेतलं, एका बाटलीत बादलीतलं, आणि दोन्हींवर आपल्या बारीक अक्षरात काय आहे ते लिहून चिकटवलं. सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. थिएटरमध्ये अशी एखादी मुलगी हाताखाली मिळाली असती तर त्यांनी तिला सोडली नसती.

डॉक्टरांनी औषध बदललं. दुसऱ्या दिवशी नख काढलं. सुदैवाने हाडापर्यंत काही गेलं नव्हतं; चार दिवसांनी तपासणीचा कागद आला त्यात जखमेत, बाटलीत आणि बादलीत एकाच जातीचा किडा निघाला. डॉक्टर सिस्टरना एका शब्दानेही बोलले नाहीत. निदान एक वाक्य तरी बोलायला हवं होतं, असं सिस्टरना वाटलं.

"ड्रेसिंगचं काय?" डॉक्टरांनी विचारलं. "इथे की घरी?"

"घरी," सिस्टर म्हणाल्या. "पण मी नाही. ही करेल. मी शेजारी उभी राहून सांगेन."

सून घाबरली. "मला नाही जमणार, आई."

"दिसतं तुला. बाकीचं शिकवता येतं."

मग संध्याकाळी टेबलापाशी सून बसायची. वडी कोरड्या जाळीवर ठेवलेली. तिने हात धुवायचे, आणि भिंगरीने पायऱ्या म्हणून दाखवायच्या. सिस्टर दोन्ही हात पाठीमागे धरून उभ्या राहायच्या, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारख्या.

"चिमटा मधोमध धर. हां. ओढू नकोस, आधी ओला कर. सुटेल आपोआप."

"इथे एक धागा चिकटलाय."

"कुठे? मला नाही दिसत."

"हा काय. आला." सुनेने तो केसाएवढा धागा चिमट्यात धरून दिव्यासमोर दाखवला.

"आईने अंगठा धुतलाच नव्हता," भिंगरी म्हणाली.

"धुतला होता, चहाडखोर."

मुलगा मागे भिंतीपाशी घुटमळत होता. यंत्र अजून तिथेच होतं. उकळून घेईन, नळ्या बदलीन, असं त्याचं चाललं होतं, पण जोरात म्हणायची छाती होत नव्हती. गॉजची घडी पुढे करायला सिस्टरनी हात पाठीमागून काढला, तो जाता जाता यंत्राखालून गेला. रिकामं यंत्र खाकरलं. सिस्टरनी घडी सुनेपुढे ठेवली, मागे फिरून यंत्राचं झाकण उघडलं, चारही सेल काढले आणि मुलाच्या हातात दिले. त्याने निमूट खिशात टाकले.

पट्टी बांधून झाली. भिंगरी खुर्चीवरून उतरली, आणि गेल्या काही दिवसांत लागलेल्या खेळाप्रमाणे सगळ्यांचे हात हुंगत फिरली. आईचे, बाबांचे. बाबांना परत धुवायला पाठवलं. मग आजीचे दोन्ही तळवे नाकाशी धरून डोळे मिटले.

"कसला येतोय?" सिस्टरनी विचारलं.

"वडीचा."

"नुसता वडीचा?"

"नुसता वडीचा. पास."

ती पळाली. सिस्टरनी हात स्वतःच्या नाकाशी नेला, बराच वेळ धरला. त्यांना अजून द्राक्षांचाच येत होता.